सेनेका जमिनीचे दावे : कुठला कागद आधी वाचायचा?

नायगरा नदीत, धबधब्याच्या वरच्या अंगाला, ग्रँड आयलंड नावाचं मोठं बेट आहे. १२ सप्टेंबर १८१५ रोजी न्यूयॉर्क राज्याने हे बेट आणि नदीतली लहानमोठी इतर बेटं तिथल्या मूळ रहिवासी सेनेका लोकांकडून लिहून घेतली. मोबदला ठरला रोख १,००० डॉलर आणि दर साल ५०० डॉलर. त्या बैठकीला अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कमिशनर, म्हणजे तहासाठी नेमलेला प्रतिनिधी, नव्हता. कायदा मात्र १७९० पासून सांगत होता की केंद्राच्या अधिकाराखालच्या तहाशिवाय मूळ रहिवाशांची जमीन कुणालाही घेता येणार नाही, राज्यालाही नाही. एवढं वाचलं की वाटतं, हा व्यवहार टिकणं शक्यच नाही. सेनेका नेशनने १९९३ मध्ये दावा लावला, केंद्र सरकारही त्यांच्या बाजूने त्यात उतरलं. तरी २००२ मध्ये जिल्हा कोर्टात आणि २००४ मध्ये अपिलात निकाल विरुद्ध गेला. आडवा आला तो १७६४ चा एक कागद.

आपल्याकडे जमीन घेताना वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो. सेनेकांच्या बाबतीत तो सर्च अडीचशे वर्षं मागे न्यावा लागतो आणि मधला एक दुवा सुटला की सगळा निष्कर्ष चुकतो. म्हणून हे कागद कोणते, ते एकमेकांत कसे अडकलेले आहेत आणि वाचताना लोक कुठे फसतात, ते इथे क्रमाने पाहू.

सेनेका हे हॉडेनोशोनी संघातलं सगळ्यात पश्चिमेकडचं राष्ट्र. (इंग्रज-फ्रेंच कागदांत या संघाला इरोक्वॉय किंवा सिक्स नेशन्स म्हटलेलं आढळतं.) त्यांचा मुलूख साधारण आजच्या पश्चिम न्यूयॉर्कचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बहुतेक सेनेका ब्रिटिशांच्या बाजूने लढले. १७७९ मध्ये जनरल सलिव्हनच्या फौजेने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. १७८४ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला जो तह झाला, तो हरलेल्यांशी बोलावं तशा सुरात झाला. युद्धातले कैदी परत मिळेपर्यंत सहा माणसं ओलीस ठेवायची होती, हे तहाच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर. १६ डिसेंबर १७८६ रोजी हार्टफर्ड इथे न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स या दोन राज्यांनी आपापसातलं भांडण मिटवलं. दोघांकडेही राजाच्या सनदा होत्या आणि त्या एकाच मुलखावर पडत होत्या. तोड अशी निघाली : राज्यकारभाराचा हक्क न्यूयॉर्कचा, पण सेनेकांनी जमीन विकायचं ठरवलं तर ती पहिल्यांदा विकत घेण्याचा हक्क मॅसॅच्युसेट्सचा. हा अग्रखरेदीचा हक्क सुमारे ६० लाख एकरांवर होता. नायगरा नदीच्या काठाची एक मैल रुंदीची पट्टी त्यातून वगळून न्यूयॉर्ककडे ठेवली.

या करारात सेनेका पक्षकार नव्हतेच. जमीन त्यांच्या ताब्यात, त्यांच्या मालकीची, आणि ती पुढेमागे कोण विकत घेणार याचा हक्क परस्पर बाजारात फिरू लागला. मॅसॅच्युसेट्सने तो १७८८ मध्ये ऑलिव्हर फेल्प्स आणि नॅथॅनिएल गोरॅम या जमिनीच्या व्यापाऱ्यांना विकला. पुढे त्याचा पश्चिमेकडचा मोठा भाग रॉबर्ट मॉरिसमार्फत हॉलंड लँड कंपनीकडे गेला आणि १८१० मध्ये राखीव मुलखापुरता ऑग्डेन आणि त्याच्या भागीदारांकडे. जुन्या नोंदींत ‘कंपनीने सेनेकांची जमीन घेतली’ असं वाचलं की आधी विचारायचं, जमीन घेतली की फक्त अग्रखरेदीचा हक्क? बऱ्याच वेळा उत्तर दुसरं निघतं. तरीही कंपनी आपल्या नकाशावर सगळा प्रदेश स्वतःच्या रंगात रंगवून मोकळी झालेली असते.

फेल्प्स आणि गोरॅम यांनी जुलै १७८८ मध्ये बफेलो क्रीक इथे सुमारे २६ लाख एकर घेतले, मुख्यतः जेनेसी नदीच्या पूर्वेकडचे. लेखी किंमत ५,००० डॉलर रोख आणि सालीना ५००. सेनेका प्रमुख कॉर्नप्लांटर १७९० च्या अखेरीस फिलाडेल्फियाला जाऊन राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना भेटला, तेव्हा त्याची तक्रार होती की बोलणं १०,००० आणि सालीना १,००० चं झालं होतं. त्याचं ते म्हणणं लेखी स्वरूपात सरकारी दप्तरात शिल्लक आहे. बोललेलं एक आणि लिहिलेलं दुसरं, ही तक्रार सेनेकांच्या जवळपास प्रत्येक तहात पुन्हा येते. त्यामुळे तहाच्या मजकुराइतकंच बैठकीचं इतिवृत्त महत्त्वाचं.

मोजणीचा घोळ वेगळाच. पूर्वेची हद्द पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरल्या ८२ व्या मैलाच्या दगडापासून सरळ उत्तरेला जायची होती. १७८८ ची मोजणी पश्चिमेला सरकली आणि जिनीव्हाची वस्ती रेषेच्या भलत्याच बाजूला पडली. १७९२ मध्ये फेरमोजणी झाली. त्यामुळे नकाशांत ‘जुनी प्रीएम्प्शन रेषा’ आणि ‘नवी प्रीएम्प्शन रेषा’ (प्रीएम्प्शन म्हणजे अग्रखरेदी) अशा दोन रेषा सापडतात. नकाशाचं साल न पाहता हद्द लावायला बसलं तर मधली सगळी पट्टी चुकते.

२२ जुलै १७९० चा ट्रेड अँड इंटरकोर्स कायदा या सगळ्या दाव्यांचा कणा आहे. तो मुदतीचा होता म्हणून १७९३, १७९६, १७९९, १८०२ आणि १८३४ मध्ये पुन्हा पुन्हा केला गेला आणि दरवेळी शब्द तेच राहिले नाहीत. १७९० मध्ये अट होती ‘अमेरिकेच्या अधिकाराखाली भरवलेला जाहीर तह’. १७९३ पासून शब्द आले ‘राज्यघटनेनुसार केलेला तह किंवा करार’. म्हणून व्यवहार ज्या सालचा असेल त्या सालचा कायदा काढायचा, आजचं कलम उघडून १८१५ किंवा १८२६ चा कागद तपासायचा नाही. १७८८ ची खरेदी कायद्याच्या आधीची, तिला हा कायदा लागूच होत नाही.

आता ११ नोव्हेंबर १७९४ चा कॅनंडेगुवा तह. टिमथी पिकरिंग हे वॉशिंग्टनचे कमिशनर होते आणि २१ जानेवारी १७९५ रोजी तो जाहीर झाला. आजही तो जिवंत आहे : सहाव्या कलमातल्या ४,५०० डॉलरच्या सालीना रकमेतून कापड अजून दरवर्षी वाटलं जातं. दाव्यांसाठी महत्त्वाचं आहे तिसरं कलम, कारण त्यात सेनेका जमिनीची चतुःसीमा दिली आहे. रेषा ऑन्टारियो सरोवरावर फेल्प्सच्या जमिनीच्या वायव्य कोपऱ्यापासून निघते, सरोवराच्या काठाने पश्चिमेला जॉन्सन्स लँडिंगजवळच्या ओढ्यापर्यंत जाते आणि तिथून दक्षिणेला वळून नायगरा नदीला फोर्ट श्लॉसरच्या वर मिळते. मग नदीच्या काठाने ईरी सरोवर, सरोवराच्या काठाने पेनसिल्व्हेनियाच्या त्रिकोणी तुकड्याच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत, तिथून दक्षिणेला पेनसिल्व्हेनियाची सीमा, सीमेने पूर्वेला फेल्प्सची रेषा आणि तिच्या बाजूने परत ऑन्टारियो सरोवर.

या वर्णनात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. १७८४ मध्ये रेषा बफेलो क्रीकच्या मुखापासून थेट दक्षिणेला ओढली होती, म्हणजे तिच्या पश्चिमेचा ईरी सरोवराकाठचा मुलूख सेनेकांच्या हातून गेला होता. १७९४ ची रेषा सरोवराच्या काठाने पुढे जाते, म्हणजे तो मुलूख परत आला. हे दोन तह शेजारी ठेवून रेषा पेन्सिलीने काढल्याशिवाय लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट : ओढ्यापासून नदीपर्यंतच्या भागाबद्दल कलम स्वतःच सांगतं की या रेषेच्या आणि नदीच्या मधली पट्टी सेनेकांनी सुमारे ३० वर्षांपूर्वी ब्रिटिश अधिकारी सर विल्यम जॉन्सन यांच्याबरोबरच्या तहात इंग्लंडच्या राजाला दिली होती. तह मागच्या तहाकडे बोट दाखवतो, आणि तिथेच ग्रँड आयलंडचा निकाल लपलेला होता.

१७६३ मध्ये डेव्हिल्स होलजवळ सेनेकांनी ब्रिटिश तुकड्यांवर मोठा हल्ला केला होता. त्यानंतर जॉन्सनने दोन वेळा करार करून घेतले. ३ एप्रिल १७६४ च्या करारात फोर्ट नायगरापासून फोर्ट श्लॉसरच्या वरपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना चार मैल रुंदीची पट्टी गेली. ग्रँड आयलंड त्याच्याही वर, त्यामुळे नुसता एप्रिलचा कागद वाचणाऱ्याला ते सुटलं असं वाटेल. पण ६ ऑगस्टच्या दुसऱ्या कागदात पट्टी नदीभर ईरी सरोवराकडे वाढवली आणि बेटं सेनेकांनी जॉन्सनला भेट दिली. त्याने ती राजाकडे सोपवली. कोर्टाचा तर्क असा चालला : बेटांवरचा सेनेकांचा हक्क १७६४ मध्ये संपला, राजाचा हक्क स्वातंत्र्यानंतर न्यूयॉर्क राज्याकडे आला, आणि १७९४ च्या तहाने बेटं परत दिल्याचं कुठे दिसत नाही. मग १८१५ मध्ये राज्याने जे विकत घेतलं ते आधीच राज्याचं होतं, तेव्हा १७९० च्या कायद्याचा भंग व्हायचा प्रश्नच उरला नाही. राज्याने स्वतःच्याच बेटांसाठी पैसे का मोजले, हा प्रश्न कुणालाही पडेल. सेनेकांचा तोच मुद्दा होता. कोर्टाने त्याला वजन दिलं नाही, आणि माझ्या मते निकालातली सगळ्यात कच्ची जागा ती आहे.

आता उलटं उदाहरण. १५ सप्टेंबर १७९७ रोजी बिग ट्री इथे सेनेकांनी जेनेसीच्या पश्चिमेचा जवळपास सगळा प्रदेश रॉबर्ट मॉरिसला १,००,००० डॉलरला विकला आणि काही तुकडे स्वतःसाठी राखून ठेवले. इथे केंद्राचा कमिशनर जेरेमाया वॉड्सवर्थ हजर होता, मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधीही होता, म्हणजे रीत पाळली गेली. पण राखीव तुकड्यांच्या यादीत ऑइल स्प्रिंग नावाचा एक चौरस मैलाचा तुकडा लिहायचा राहिला. जमिनीतून तेल पाझरणारा तो झरा सेनेका औषधासाठी वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बाहेरचे लोक तिथे कुंपणं घालू लागले तेव्हा बिग ट्रीला स्वतः हजर असलेला वृद्ध सेनेका, गव्हर्नर ब्लॅकस्नेक, साक्षीला उभा राहिला. त्याने हॉलंड कंपनीचा मोजणीदार जोसेफ एलिकॉट याने काढलेला नकाशा पुढे केला आणि त्यावर ऑइल स्प्रिंग राखीव म्हणून दाखवलेलं होतं. विकत घेणाऱ्याच्याच माणसाचा नकाशा! तह अपुरा होता, नकाशाने आणि तोंडी साक्षीने तो पुरा केला. ती जमीन आजही सेनेका नेशनची आहे. शेजारच्या क्यूबा तलावाचं पाणी चढवताना राज्याने तिच्यातले सुमारे ५० एकर व्यापले होते, तेही पुढे दाव्यानंतर परत मिळाले.

सगळ्यात गुंतागुंतीची फाइल १८२६ ची. ३१ ऑगस्ट १८२६ रोजी ऑग्डेन कंपनीने जेनेसीकाठचे उरलेसुरले तुकडे आणि बफेलो क्रीक, टोनावांडा, कॅटराउगस यांचे भाग, मिळून सुमारे ८७,००० एकर, ४८,००० डॉलरच्या आसपास घेतले. केंद्राचा कमिशनर ऑलिव्हर फॉरवर्ड हजर होता. तह सिनेटपुढे गेला आणि १८२८ मध्ये मतं पडली २० विरुद्ध २०. मंजुरी नाही. पण सिनेटने पाठोपाठ एक ठराव केला : मंजुरी दिली नाही म्हणजे खाजगी पक्षकारांमधल्या करारावर नापसंती आहे असं समजू नये, सिनेटने यात पडायची गरज नाही इतकंच. आता हा तह म्हणायचा की खरेदीखत? सेनेकांनी १८८० च्या दशकात एका तुकड्यासाठी क्रिस्टी नावाच्या ताबेदारावर दावा लावला. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टाने दोन कारणांनी तो फेटाळला. एक, केंद्राच्या अधिकाराखाली जाहीर बैठक झाली, ते पुरेसं. दोन, १८४५ च्या राज्य कायद्याने सेनेकांना दावा लावायची मुभा दिली होती, तेव्हा मुदतीचा नियमही त्यांना लागू आणि मुदत उलटून गेलेली. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, दुसरं कारण राज्य कायद्याचं आहे, आम्ही त्यात पडत नाही. सिनेटचा तो दुसरा ठराव अनेक जण वाचतच नाहीत, ‘सिनेटने नाकारलेला तह’ एवढंच लिहून पुढे जातात.

१८३८ चा बफेलो क्रीकचा तह तुलनेने समजायला सोपा, कारण लबाडी उघड होती. उरलेले चारही मुलूख, १,१४,८६९ एकर, ऑग्डेन कंपनीला २,०२,००० डॉलरला आणि सेनेकांनी कॅन्ससला निघून जायचं. कंपनीने काही प्रमुखांशी आधीच गुपचूप करार करून पैसे कबूल केले होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी ते करार मिळवून १८४० मध्ये छापले. सिनेटने अट घातली होती की संमती भर सभेत घ्यावी. कमिशनर रॅन्सम गिलेटने सभेनंतर कितीतरी सह्या खासगीत गोळा केल्या. तरीही तह जाहीर झाला. ओरड इतकी झाली की १८४२ मध्ये तडजोडीचा तह करून ॲलेगनी आणि कॅटराउगस परत दिले, बफेलो क्रीक आणि टोनावांडा गेले. टोनावांडाच्या प्रमुखांनी १८४२ च्या कागदावर सही केली नव्हती आणि ते जागचे हलले नाहीत. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की त्यांना हलवायचंच असेल तर ते सरकारने करावं, खाजगी खरेदीदाराने नाही. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तह झाला आणि कॅन्ससच्या जमिनीपोटी धरलेल्या रकमेतून त्यांनी आपल्याच १२,८०० एकरांतले ७,५४९ एकर विकत घेतले.

यातून एक व्यावहारिक मुद्दा निघतो : दावा कुणाचा? १८४८ मध्ये ॲलेगनी आणि कॅटराउगसच्या लोकांनी निवडून दिलेल्या सरकारची घटना स्वीकारली, ती आजची सेनेका नेशन. टोनावांडा पारंपरिक प्रमुखांकडेच राहिले आणि वेगळे झाले. १८४८ च्या आधीच्या जमिनीवर दोघांचाही वारसा येतो. ग्रँड आयलंडच्या दाव्यात म्हणूनच टोनावांडा बँडही पक्षकार होता.

कागद कुठे आहेत? मंजूर तहांच्या मूळ प्रती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप ११ मध्ये, सिनेटची मतं आणि ठराव ४६ मध्ये, इंडियन खात्याचा पत्रव्यवहार ७५ मध्ये आणि मूळ रहिवाशांचे केंद्रावरचे दावे ऐकणाऱ्या इंडियन क्लेम्स कमिशनच्या फायली २७९ मध्ये. या कमिशनपुढे दावा लावायची मुदत १३ ऑगस्ट १९५१ ला संपली आणि तिथे जमीन मिळतच नसे, फक्त पैसे. चार्ल्स कॅप्लरचा तहांचा छापील संग्रह हाताशी असतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ते करू नये : त्यात तहाचा मजकूर आहे, बोलणी नाहीत. बोलण्यांसाठी बॉस्टनमधली पिकरिंगची कागदपत्रं आणि कॅनंडेगुवाला हजर असलेल्या विल्यम सेव्हरी, जेम्स एमलन या क्वेकरांच्या रोजनिशा पाहाव्यात. ते ना विकणारे ना घेणारे, म्हणून त्यांच्या नोंदीला वेगळं मोल. हॉलंड कंपनीचं दप्तर ॲमस्टरडॅमच्या शहर अभिलेखागारात आहे आणि त्याच्या मायक्रोफिल्म न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रिडोनिया विद्यापीठात.

सह्या तपासताना घाई नको. सेनेका नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत, एकाच माणसाची तीन कागदांत तीन स्पेलिंगं मिळतात, पुढे फक्त फुली. दोन स्पेलिंगं म्हणजे दोन माणसं असं धरून प्रमुखांची संख्या मोजली की बहुमताचा हिशेब चुकतो. दुभाषी कोण होता तेही पाहायचं. होरेशियो जोन्स अनेक बैठकांत दुभाषी होता, आणि ३० जून १८०२ च्या लिटल बियर्ड्स टाउनच्या खरेदीखतात घेणाऱ्यांत त्याचंच नाव आहे. हॉडेनोशोनींच्या बाजूची नोंद कागदावर नाही, वँपमच्या, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांनी विणलेल्या, पट्ट्यांत आहे. कॅनंडेगुवाशी जोडलेल्या पट्ट्यात तेरा माणसं हात धरून उभी दिसतात, तेरा राज्यांची. कोर्टात हद्द सिद्ध करायला पट्टा पुरत नाही, पण तहाचा हेतू काय होता या वादात तो पुरावा म्हणून मांडला जातो.

कागद चोख असले तरी आता एक नवी अडचण आहे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉडेनोशोनी संघातल्याच ओनायडा नेशनच्या, शेरिल शहराशी चाललेल्या खटल्यात म्हटलं की दोनशे वर्षांनी दाद मागितली तर दिरंगाईचा विचार होईल. त्याच वर्षी अपील कोर्टाने त्या आधारावर संघातल्याच कयुगा नेशनचा सुमारे २४.८ कोटी डॉलरचा निवाडा रद्द केला. व्यवहार बेकायदा होता की नाही याची तपासणी तिथे गौण ठरली. त्यामुळे जिथे जमीन सेनेकांच्या ताब्यातून कधीच गेली नाही, तिथल्या दाव्यांना आता जास्त वजन आहे. न्यूयॉर्क थ्रूवे हा महामार्ग कॅटराउगस मुलखातून जातो. राज्याने १९५४ मध्ये ७५,००० डॉलर देऊन वहिवाटीचा हक्क घेतला. सेनेका नेशनचं म्हणणं आहे की त्याला केंद्राची रीतसर मंजुरी कधी मिळालीच नाही. आधीचा दावा राज्यावर थेट दावा चालत नाही म्हणून अडला. २०१८ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांना प्रतिवादी करून नव्याने दावा लावला आणि २०२२ मध्ये अपील कोर्टाने तो पुढे चालवायला परवानगी दिली.